वंशभेदाविरुद्धचा करार शहाद्याच्या ठाण्यात चालतो का?

नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतल्या सरांनी विचारले आहे. त्यांचा प्रश्न थोडक्यात असा. २१ मार्चला शाळेत वंशभेद निर्मूलन दिनाचा कार्यक्रम झाला. वंशभेदाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९६८ मध्येच मान्यता दिली, असे सरांनी मुलांना सांगितले. कार्यक्रम संपल्यावर नववीतली एक मुलगी जवळ आली. होळीच्या वेळी भरणाऱ्या आदिवासींच्या भोंगऱ्या बाजाराच्या आधी ती मावशीबरोबर शहाद्याला कपडे घ्यायला गेली होती. दुकानदार इतर गिऱ्हाइकांसमोर तिला म्हणाला, "ए भिलीण, दूर उभी ऱ्हाय, कपडाले हात नको लावू. तुना बापनी दखेल से का असा कपडा?" मुलीने सरांना विचारले, हा करार त्या दुकानदाराला लागू होतो का? तिच्या मोठ्या भावाला पुण्यात "आदिवासींना खोली देत नाही" असे सांगून दारातून परत पाठवले, त्या घरमालकाला लागू होतो का? आणि दुकानातल्या गोष्टीला महिना होऊन गेला, आता तक्रार चालेल का?

सर, मी धुळ्याच्या आणि नंदुरबारच्या सत्र न्यायालयांत बऱ्याच वर्षांपासून ॲट्रॉसिटीच्या खटल्यांत पीडितांच्या बाजूने काम करतो. तिन्ही प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी आहेत, ती आधीच सांगून टाकतो. करार थेट चालत नाही, पण दुकानदाराला लागू होणारा आपला कायदा त्या कराराहून कडक आहे. खोली नाकारणाऱ्या घरमालकाविरुद्ध मात्र कायद्याने तुमच्या हाती फारसे काही दिलेले नाही. करारात वचन असूनही दिलेले नाही, आणि हे मुलांपासून लपवू नये. महिना उलटला तरी तक्रार चालते.

आता कराराविषयी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने तो २१ डिसेंबर १९६५ ला मंजूर केला. भारताने २ मार्च १९६७ ला सही केली, ३ डिसेंबर १९६८ ला मान्यता दिली आणि ४ जानेवारी १९६९ पासून तो अमलात आला. आपल्याकडे असा करार आपोआप कायदा होत नाही. संविधानाच्या कलम २५३ नुसार संसद त्यासाठी कायदा करू शकते. तो होईपर्यंत न्यायालये कराराचा आधार घेतात. १९९७ च्या विशाखा निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या कराराचा असा आधार घेतला होता. पण ठाणे अंमलदारापुढे करार ठेवून गुन्हा नोंदवता येत नाही. कराराच्या कलम १४ मध्ये एक सोय आहे. ज्या देशांनी तशी संमती दिली, त्यांचे नागरिक कराराची अंमलबजावणी पाहणाऱ्या जिनिव्हातल्या समितीकडे थेट वैयक्तिक तक्रार करू शकतात. भारताने ही संमती दिलेली नाही. त्यामुळे त्या मुलीची दाद शहाद्यात, नंदुरबारला आणि फार तर औरंगाबाद खंडपीठातच मागायची आहे.

कार्यक्रमात तुम्ही देशाचे कौतुक केले ते योग्य केले. त्यामागे खरा इतिहास आहे. २१ मार्च ही तारीख दक्षिण आफ्रिकेतल्या शार्पव्हिलची. १९६० साली त्या दिवशी सतत पास जवळ बाळगण्याची सक्ती करणाऱ्या कायद्याविरुद्ध जमलेल्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, ६९ माणसे मेली. पण भारताने हा प्रश्न त्याच्या कितीतरी आधी धरला होता. १९४६ मध्ये, स्वतःच्या डोक्यावर अजून इंग्रजांचे राज्य असताना, भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला आणि तिथल्या भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीची तक्रार संयुक्त राष्ट्रांत नेली. शिष्टमंडळाचे नेतृत्व विजयालक्ष्मी पंडित यांच्याकडे होते. १९७४ मध्ये डेव्हिस कपच्या अंतिम फेरीत आपला संघ पोहोचला, समोर दक्षिण आफ्रिका होती. भारत खेळला नाही, कप हातचा जाऊ दिला. पुढच्या वर्षी ही गोष्ट मुलांना नक्की सांगा. तत्त्वासाठी देशाने काय सोडले, हे नववीच्या मुलांना लगेच कळते.

पण तिथेच थांबू नका. हा करार लिहिला जात असताना भेदभावाच्या व्याख्येत वंश, वर्ण आणि वांशिक मूळ यांबरोबर 'कुळ-जन्म' हा आधारही घालावा, ही सूचना भारतानेच केली होती. पुढे त्याच शब्दाच्या आधाराने समितीने जातीवरून होणारा भेदभावही करारात येतो असे म्हटले, २००२ मध्ये त्यावर स्वतंत्र शिफारस काढली. तेव्हा भारत सरकारने भूमिका घेतली की जात म्हणजे वंश नव्हे, त्यामुळे हा विषय करारात येत नाही. वंशभेदाविरुद्धच्या २००१ च्या डर्बन परिषदेत हीच भूमिका होती, २००७ मध्ये जिनिव्हात भारताचा अहवाल तपासला गेला तेव्हाही हीच. समितीने ती मान्य केली नाही. पुढचा अहवाल जानेवारी २०१० पर्यंत मागितला होता, तो वेळेत गेला नाही. माझे मत मी स्पष्ट सांगतो: ही सरकारी भूमिका चुकीची आहे आणि ती आपल्याच जुन्या कामाला कमीपणा आणते. डॉ. आंबेडकरांना हे नाते १९४६ मध्येच दिसले होते. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचे नेते डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून त्यांनी तिथल्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांपुढे मांडलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. भारतातले अस्पृश्यही तसा अर्ज करण्याच्या विचारात आहेत, असे त्यांनी कळवले होते. आणि आदिवासींच्या बाबतीत तर वादाला जागाच कमी आहे, कारण वांशिक मूळ हे शब्द व्याख्येतच आहेत.

आणखी एक गोष्ट मी तरुण वकिलांना नेहमी दाखवतो. करार मंजूर झाला त्याच १९६५ सालात दिल्लीत लोकूर समितीने अनुसूचित जमात ओळखण्याच्या कसोट्या लिहून दिल्या: आदिम लक्षणे, वेगळी संस्कृती, भौगोलिक अलगपणा, बाहेरच्या लोकांशी संपर्काचा बुजरेपणा आणि मागासलेपणा. समितीचा हेतू आदिवासींना सवलती मिळाव्यात असाच होता. पण 'आदिम लक्षणे' हे शब्द सरकारी फाइलीत आजही वापरात आहेत. ज्याला आपल्या वागण्याबद्दल कधी कोणी हटकले नाही, त्या शहाद्याच्या दुकानदाराला भिल्लाची मुलगी कशी दिसत असेल, याचा माग काढताना ही फाइल विसरून चालत नाही. आपल्या खान्देशात तर हे फार जुने आहे. इंग्रजांनी १८२५ मध्ये धरणगावला भिल्लांची पलटण उभी केली ती भिल्ल म्हणजे बंदोबस्त करण्याचा विषय, या समजुतीतून. १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ मध्ये गेला. गावोगावची भिलाटी, म्हणजे भिल्लांची वस्ती, मात्र गावाच्या कडेलाच राहिली.

आता दुकानदार. इथे मी सविस्तर लिहितो, कारण खटला बहुतेक वेळा पहिल्या तासात, ठाण्यातल्या टेबलावरच जिंकला किंवा हरला जातो.

अनुसूचित जाती आणि जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, म्हणजेच ॲट्रॉसिटी कायदा, १९८९ चा. २०१५ ची दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. कलम ३(१)(आर) खाली लोकांसमोर हेतुपुरस्सर अपमान करणे, (एस) खाली लोकांसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. (झेडए) मध्ये दुकान, दवाखाना, शाळा अशा ठिकाणी येण्यास अटकाव करणे येते. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे आणि दंड. संविधानाच्या कलम १५(२) ने दुकानात जाण्याचा समान हक्क आधीच दिलेला आहे, त्याला दात या कायद्याने दिले.

तुम्ही ठाण्यात गेलात की पहिल्यांदा काय होईल ते सांगतो. "अर्ज द्या, चौकशी करून कळवतो" असे म्हणतील, नाहीतर अदखलपात्र नोंद करून एनसीची पावती हातात ठेवतील. दोन्ही घेऊन घरी येऊ नका. २०१८ मध्ये घातलेल्या कलम १८अ नुसार या कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. नोंदवला नाही तर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार जाते, तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे. शिवाय अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या सरकारी नोकराने जाणूनबुजून कर्तव्यात कसूर केली तर कलम ४ खाली त्यालाही सहा महिने ते एक वर्ष शिक्षेची तरतूद आहे. हे कलम ठाण्यात मोठ्याने सांगायची गरज सहसा पडत नाही. अर्जाच्या शेवटी एका ओळीत लिहिले तरी पुरते.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. जबाब लिहिताना अंमलदार आपल्या सवयीने संगणकावर टाइप करतो: "आरोपीने फिर्यादीस जातिवाचक शिवीगाळ करून अपमान केला." या वाक्याने खटला पडतो. नेमके काय म्हटले ते कोर्टाला त्यातून कळत नाही. उलटतपासात आरोपीचा वकील विचारतो, "कोणता शब्द?" साक्षीदार दोन वर्षांनी वेगळाच शब्द सांगतो, आणि तेवढी विसंगती आरोपीला पुरते. म्हणून दुकानदार अहिराणीत बोलला असेल तर अहिराणीतच लिहून घ्या, अवतरणचिन्हांत, जसेच्या तसे. तुम्ही मला पाठवलेले वाक्य तसेच्या तसे जबाबात आले पाहिजे, 'ए भिलीण' सकट. मुलगी घरी भिली बोलते आणि तिने अहिराणी वाक्य ऐकले तसे सांगितले, एवढेही लिहा. कलम ४ नेच अधिकाऱ्यावर आणखी बंधन घातले आहे की तोंडी दिलेली माहिती लिहून झाल्यावर ती सही घेण्याआधी वाचून दाखवायची आणि नंतर प्रत द्यायची. सही करण्याआधी मुलीला आणि मावशीला त्यांच्या बोलीत समजावून सांगा. सर, हे काम तुमच्याइतके चांगले वकीलही करणार नाही. कलम १५अ ने पीडितांना सामाजिक कार्यकर्ते आणि वकिलांची मदत घेण्याचा हक्क दिला आहे, तेव्हा सोबत बसायला कोणी हरकत घेतली तर हे कलम सांगा.

तिसरे, 'लोकांसमोर'. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका निकालात सांगितले की घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही. दुकान ही लोकांची येण्या-जाण्याची जागा आहे, ही तुमची जमेची बाजू. पण साक्षीदार एकटी मावशी असून भागणार नाही. त्या वेळी दुकानात आणखी कोण होते? होळीच्या आधी शहाद्याच्या कापड दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. तुमच्याच गावची, शेजारच्या पाड्याची कोणी बाई नक्की असेल. तिचे नाव शोधा. दुकानात कॅमेरा असेल तर त्याचे चित्रण जपून ठेवावे, असा अर्ज पोलिसांना त्याच दिवशी द्या. जुने चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, महिना झाल्यावर ते हाती लागेलच असे नाही, तरी अर्ज नोंदीला राहतो.

चौथे, जातीचा दाखला. मुलीचा दाखला नसेल तर आज प्रस्ताव टाका. याचे कारण एका जुन्या खटल्यातून सांगतो. १९९४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यात एका तरुण भिल्ल स्त्रीला मारहाण करून विवस्त्र गावातून फिरवले होते. उच्च न्यायालयात आरोपी ॲट्रॉसिटीच्या कलमातून सुटले. कारण काय, तर जातीचा दाखला हजर झाला नव्हता आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केला नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०११ च्या कैलास विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात ही कारणे निव्वळ तांत्रिक असल्याचे सांगितले आणि आदिवासींना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल देशाला खडे बोल सुनावले. पण राज्य सरकारने त्या सुटकेविरुद्ध अपीलच केले नव्हते. ते कलम पुन्हा लागले नाही. १९९४ ते २०११, सतरा वर्षे. एवढे चांगले निकालपत्र आणि ॲट्रॉसिटीखाली शिक्षा नाही. म्हणून मी प्रत्येक फिर्यादीत दोन गोष्टी पहिल्या दिवशी तपासतो: दाखला जोडला का, आणि तपास या कायद्याच्या नियम ७ प्रमाणे उपअधीक्षकाकडे गेला का. दोषारोपपत्राची मुदत ६० दिवसांची आहे, ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

पाचवी गोष्ट सातपुड्यातल्या माणसांना लागू आहे, पुस्तकात ती कुठे मिळणार नाही. दिवाळीनंतर अर्धा पाडा कोयता घेऊन गुजरातकडे ऊसतोडीला जातो, होळीला किंवा त्याच्याही नंतर परततो. समन्स नेमके जानेवारीत निघते. हवालदार पाड्यावर जातो, झोपडीला कडी, समन्स "मिळून आले नाही" असा शेरा मारून परत. असे तीनदा झाले की साक्षीदार गैरहजर म्हणून खटला ढासळतो. तेव्हा जबाबातच साक्षीदाराचा मोबाइल नंबर आणि मुकादमाचा नंबर घाला. सरकारी वकिलांना भेटून साक्षीच्या तारखा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास मागा, तेव्हा माणसे घरी असतात. साक्षीला येण्याजाण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी मिळण्याची तरतूद नियमांत आहे, ती मागायची.

गावकीचा दबाव येणारच. "पोरीचे लग्न व्हायचे आहे, मिटवून घ्या" असे दुकानदाराआधी आपलेच पुढारी सांगतात. दुकानदार आईबापासमोर हात जोडून माफी मागत असेल आणि त्यांना तेवढे पुरे वाटत असेल तर निर्णय त्यांचा आहे, माझा नाही आणि तुमचाही नाही. पण तो निर्णय त्यांनी त्यांच्या घरी बसून घ्यावा, ठाण्याच्या ओट्यावर नव्हे.

या कायद्याचा गैरवापर होतो, हे तुम्हाला शिक्षकांच्या खोलीतही ऐकवतील. २० मार्च २०१८ ला महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अटकेआधी परवानगी बंधनकारक केली होती आणि गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीला वाव दिला होता. संसदेने त्याच वर्षी कलम १८अ आणले, ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यायालयाने स्वतःचे ते निर्देश मागे घेतले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये दुरुस्ती वैध ठरवली. खोटी फिर्याद कोणत्याही कायद्याखाली होऊ शकते, तिच्यासाठी शिक्षा आहे. मला कोर्टात जास्त दिसते ते वेगळे: खरी फिर्याद, अर्धवट लिहिलेली.

आर्थिक साहाय्याचे थोडक्यात सांगतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे गुन्ह्यानुसार ८५ हजारांपासून सव्वाआठ लाखांपर्यंत रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते. जिल्हाधिकारी आणि समाजकल्याण खात्यामार्फत ती येते, पहिला हप्ता निकालाची वाट पाहत नाही. आदिवासींना, स्त्रियांना आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. मुलगी अल्पवयीन आहे, तिचे नाव कुठल्याही व्हॉट्सॲप गटात किंवा बातमीत येऊ देऊ नका. आरोपीचा जामीन अर्ज आला तर तिच्या पालकांना नोटीस मिळालीच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये बंधनकारक म्हटले आहे.

आता भावाची खोली.

कराराच्या कलम २ मध्ये सरकारने लिहून दिले आहे की खासगी व्यक्तींकडून होणारा भेदभावही ते बंद करेल. कलम ५ मध्ये घराच्या हक्काचे नाव घेतलेले आहे. पण देशात खासगी घरमालकाला किंवा नोकरी देणाऱ्या खासगी मालकाला जात, जमात, वंश, धर्म यांवरून नकार देण्यास बंदी करणारा एकही सर्वसाधारण कायदा नाही. संविधानाचे कलम १५(१) सरकारला बांधते, १५(२) दुकाने, हॉटेले, पाणवठे यांना. भाड्याची खोली कुठेच बसत नाही. घरमालकाने चारचौघांत जातीवरून अपमान केला असेल तर ॲट्रॉसिटी लागते. नुसते शांतपणे "तुमच्या लोकांना देत नाही" म्हटले, की प्रकरण अवघड होते. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये एका समाजापुरतीच सभासदत्वे देणारी गृहनिर्माण संस्था चालते असा निकाल दिला, त्यानंतर तर अधिकच. देशाने वचन दिले आणि कायदा केला नाही, अशी ही मोकळी जागा आहे. आपल्या खासदारांना, आमदारांना विचारायचा प्रश्न मला विचाराल तर हाच. भावाने राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाकडे लेखी तक्रार जरूर करावी. संविधानाच्या कलम ३३८अ खाली आयोगाला चौकशीचे अधिकार आहेत आणि अशा तक्रारी नोंदीवर असल्याशिवाय कायद्याची मागणी पुढे सरकत नाही. त्याच्या कॉलेजातच त्रास होत असेल तर २०१२ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमायला सांगितले होते. तिथे अर्ज द्यावा. जळगावची तडवी भिल्ल समाजातली एक तरुण डॉक्टर मे २०१९ मध्ये मुंबईत शिकताना मरण पावली. सहकाऱ्यांनी जातीवरून छळल्याचा आरोप आहे. तिच्या आईने नंतर सर्वोच्च न्यायालयात धाव घेऊन विचारले की हे नियम अमलात का येत नाहीत. आपल्या मुलांना पुण्या-मुंबईला पाठवताना हे आईबापांना माहीत असायला हवे.

अशाच मोकळ्या जागेत आणखी माणसे उभी आहेत. ईशान्येकडच्या लोकांना चेहऱ्यावरून हिणवणे. २०१४ मध्ये दिल्लीत अरुणाचलच्या एका विद्यार्थ्याचा मारहाणीत मृत्यू झाल्यावर बेझबरुआ समितीने यासाठी दंड संहितेत स्वतंत्र कलमे सुचवली, नव्या न्याय संहितेतही ती तशी आली नाहीत. हिवाळ्यात धुळ्या-जळगावात स्वेटर विकायला येणाऱ्या तिबेटी कुटुंबांना लोक काय नावांनी हाका मारतात, ते आपण सगळ्यांनी ऐकले आहे. मध्य प्रदेशातून रावेर-यावलच्या केळीच्या बागांत सालदारकीला येणारे बारेला आदिवासी मजूर मात्र पूर्वीपेक्षा सुरक्षित आहेत: डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने सांगितले की एका राज्यातल्या अनुसूचित जमातीच्या माणसाला दुसऱ्या राज्यातही ॲट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण मिळते.

आणि राईनपाडा. १ जुलै २०१८, साक्री तालुका, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळवणारे आले, अशी अफवा मोबाइलवर फिरत होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी पाच माणसे जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकली. हा आदिवासी भाग आहे, सर. ज्यांना शहाद्याच्या दुकानात दूर उभे राहायला सांगतात, त्यांच्या मुलखात घडले हे. कपडे वेगळे, बोली वेगळी, कुठल्या गावचे माहीत नाही, एवढ्यावरून माणूस चोर ठरला. १८७१ च्या कायद्याने हेच शिकवले होते. भटक्या जमाती अनुसूचित जाती-जमातींच्या यादीत नसल्याने मेलेल्यांना ॲट्रॉसिटीचे कवच नव्हते. आता १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत कलम १०३(२) आले आहे: पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणाने खून केला तर त्यासाठी फाशी किंवा जन्मठेप. कायद्याच्या पुस्तकात 'वंश' शब्द ज्या थोड्या ठिकाणी आहे त्यांतले हे एक. तुमच्या शाळेत २१ मार्चला शार्पव्हिल सांगाल तेव्हा राईनपाडाही सांगा. कराराच्या कलम ७ ने शिक्षणातून पूर्वग्रह घालवण्याचे काम सरकारवर टाकले आहे. अक्राणीच्या वर्गात ते काम तुमच्याकडेच येते, आणि आदिवासी मुलांसमोर राईनपाडा मांडणे शार्पव्हिलपेक्षा अवघड आहे, हे मला माहीत आहे.

शेवटी महिना. या कलमांत तीन वर्षांहून जास्त शिक्षा असल्याने दखल घेण्याला मुदतीची आडकाठी नाही. पण उशिराचे कारण फिर्यादीत यायला हवे, नाहीतर आरोपीचा वकील "नंतर रचलेली गोष्ट" म्हणेल. तुमच्याकडे ते कारण खरे आणि साधे आहे: मुलगी घाबरली, घरी सांगितले नाही, वसतिगृहात परत आली, २१ मार्चच्या कार्यक्रमानंतर पहिल्यांदा शिक्षकांजवळ बोलली. पहिल्याच परिच्छेदात हे लिहा, तारखांसह. कार्यक्रमाची शाळेतली नोंद आणि वसतिगृहाच्या हजेरीपटाची प्रत जोडा. तुमचा स्वतःचा जबाब साक्षीदार म्हणून द्यायला तयार राहा, कारण हा कायदा आपल्याला लागू होतो का, हे तिने सगळ्यात आधी तुम्हालाच विचारले. शहाद्याला जायच्या आधी फिर्यादीचा मसुदा, दाखला आणि मावशीला आठवणारी नावे घेऊन एकदा धुळ्याला या. मसुदा आपण मुलीसमोर बसून, तिच्या बोलीत वाचून, पक्का करू.